तोलारामच्या भिंतीकडचा बाक

बसा बाई. स्टूल डगमगतं, पण अजून कुणाला पाडलं नाही त्यानं. चहा सांगितलाय. ती यादी द्या इकडं, दारावर चिकटवायचं काम माझंच आहे. पण खळ अजून गरम आहे, निवेपर्यंत एक गोष्ट ऐका. ह्याच शाळेतली, तुम्हाला दिलाय त्याच सातवीच्या वर्गातली. खरी का खोटी विचाराल, तर मी चौथीत दोनदा नापास झालेला माणूस. खोटं रचायला लागते तेवढी अक्कल मास्तरांनी मला शिकवलीच नाही.

तुमची यादी बघितली. अक्षर छान आहे. पहिला नंबर पहिल्या बाकावर, शेवटचा नंबर शेवटच्या. हुशार पुढं, ढ मागं. नवीन काही नाही हां बाई, मी इथं लागलो तेव्हापासून हीच पद्धत. परीक्षा झाली की नंबर लागायचे, नंबर लागले की पोरं आपापली दप्तरं उचलून जागा बदलायची. म्हणजे म्हणायला बदलायची. पुढची पुढंच आणि मागची मागंच, वर्षानुवर्षं. सगळे मास्तर म्हणायचे, बघा, पद्धत किती बरोबर आहे, ढ पोरगं कसं बरोब्बर ढ निघतं.

आता सत्याऐंशी सालचं सांगतो. तेव्हा सातवीला पद्मजाबाई होत्या. चांगली बाई. शिकवायची तळमळ, आवाज गोड. गोड म्हणजे हळू. आणि वर्गाची मागची भिंत तोलाराम शेठची. म्हणजे भिंत एकच, इकडून शाळा, तिकडून त्याचा पत्र्याच्या झाकणांचा कारखाना. आपल्या सिंधी वस्तीत, कॅम्प एकमध्ये असंच आहे, एका भिंतीत दोन धंदे. त्याची पावर प्रेस होती. एक ठोका, एक झाकण. धाड! धाड! जमीन हलायची. पुढच्या बाकावर ते नुसतं कुणी लांब गाद्या झोडपतंय असं वाटायचं. शेवटच्या बाकाला मात्र पाठीत बुक्का.

पद्मजाबाई फळ्यापाशी उभ्या राहून सांगायच्या, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज," धाड! "अंश असते." मागच्या बाकाला त्रिकोण ऐकू आला, बेरीज ऐकू आली, अंशपण आले. किती, ते फक्त तोलारामला माहीत.

शेवटच्या बाकावर सुनंदा बसायची. बेचाळीस पोरांत बेचाळिसावी. आदल्या वर्षी सातवी नापास. तिची आई भिमाबाई तोलारामकडंच झाकणं निवडायला होती, बाप शहाडला कंपनीत, पाळीवर. शेठनं भिमाबाईला सांगून ठेवलेलं, "छोकरी को भेज दे, साईं. पढ़के क्या करेगी? इधर हाथ साफ हो जाएगा." भिमाबाई तोंडानं खमकी. बोलली, "शेठ, तिचा हात साफच आहे, आणखी एक वर्ष बघते. पुन्हा नापास झाली तर घेऊन येते." पोरीसमोरच बोलली. म्हणजे पोरीला माहीत होतं, ह्या वर्षी गेली तर भिंतीच्या ह्या बाजूचा बाक सुटणार आणि त्या बाजूचं स्टूल मिळणार. आवाज तोच.

एकदा ती उठून बोललीपण, "बाई, ऐकू नाही आलं." पद्मजाबाई बोलल्या, "बाकीच्यांना कसं येतं? लक्ष दिलं की येतं. उभी राहा." उभं राहून जास्त ऐकू येतं असा काहीतरी शोध लागला असेल, मला काय कळतं.

त्याच सप्टेंबरात जिल्ह्यावरून एक साहेब आले. पोरं का शिकत नाहीत त्याचा सर्वे. चाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म. वर लिहिलेलं, 'अध्ययनावर परिणाम करणारे घटक'. मी पाणी घेऊन उभा, म्हणून वाचायला मिळालं, अक्षर अक्षर लावून. साहेब पहिल्या बाकाशेजारी, खिडकीच्या वाऱ्याला बसले.

"हे मूल मागं का?"

"घरचं वातावरण, साहेब," पद्मजाबाई बोलल्या.

"आणि ही?"

"सुनंदा ना? घरचं वातावरण."

पुढं पुढं साहेब विचारायचेच नाहीत, नुसत्या 'वरच्यासारखंच' म्हणून खाली खाली दोन रेघा मारत गेले. बापाला व्यसन आहे का, घरात दिवे किती, भावंडं किती, सगळं विचारलं. मधेच लांबून धाड झालं. साहेबांनी मान वर केली. "हे काय?"

आमचे हेडमास्तर म्हसकर सर लगेच पुढं. "काही नाही साहेब, शेजारी उद्योगधंदा आहे."

"अरे वा," साहेब बोलले, आणि 'परिसर' असं छापलेलं त्याच्यापुढं लिहिलं, 'उद्यमशील'. चहा पिऊन गेले. शेवटच्या बाकापर्यंत यायचं राहिलं त्यांचं. वर्ग लांब आहे ना.

आता माझी चूक. दिवाळीच्या सुट्टीत वर्गाला चुना मारला. फळा मीच खाली काढलेला. परत टांगायला खिळा ठोकला तर ओलीनं फुगलेली ती पुढची भिंत, खिळ्यासकट पाटीएवढा पोपडा खाली. दुसरा ठोकला, टोपलीभर माती आली. तिसरा मी ठोकला नाही, नोकरी प्यारी होती. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार. इकडंतिकडं बघितलं. तोलारामनं मोटर बसवताना भिंतीतून आरपार बोल्ट मारलेले, त्यांची दोन टोकं आपल्या वर्गात वीतभर आलेली. मागच्या बाकावरची पोरं दप्तरं अडकवायची त्यांना. मी फळा नेला, अडकवला. काय बसला म्हणून सांगू! मापानं केल्यासारखा. मग बाक जागच्या जागी फिरवले, तोंड इकडचं तिकडं. म्हटलं झालं काम. शाळा शिकलो असतो तर विचार केला असता ना, की आपण काय करतोय.

सकाळी पोरं आली आणि आपापल्या बाकावर बसली. बाकावर नावं कोरलेली, कोण सोडतो? असं करून बेचाळिसावा नंबर फळ्याखाली आणि पहिला नंबर पार तिकडं दारात. पद्मजाबाई आल्या, दोन मिनिटं दारातच थांबल्या. त्यांची खुर्ची मी फळ्याशेजारी नेऊन ठेवलेली, तोलारामच्या भिंतीला टेकवून. बसल्या. हजेरी घेतली. अकरा वाजता प्रेस चालू झाली.

धाड!

बाई खुर्चीतून उठल्याच. फळा बोल्टावर नाचला, खडू खाली, चहा हजेरीवर.

"सुदाम! अहो, हा आवाज कसला?"

"झाकणांचा, बाई."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली असतील."

"नऊ वर्षं? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

पुढच्या बाकावर सुनंदा बसलेली. तिनं खडू उचलून टेबलावर ठेवला, आणि बाईंनी न सांगता उभी राहिली. पोरीला वाटलं, आवाजाचं नाव निघालं म्हणजे उभं राहायचं. बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. "बस बाळ," बोलल्या. "खाली बस तू."

म्हसकर सर धावत आले, मला झाडला. फळा मूळ जागी पाहिजे! पण मूळ जागेला भोक. सिमेंटचा अर्ज करायचा, वरून मंजुरी, कागद फिरून यायला मार्च. मग सरांनी हुकूम काढला, निदान पोरं तरी नंबरानं बसवा. पहिला नंबर कोण? बाळाजी, सरांचाच सख्खा भाचा. बाळाजीला उचलून फळ्याखाली आणला. एक दिवस बसला बिचारा. संध्याकाळी त्याची आई आली डोकं धरून, "दादा, माझ्या पोराचं कपाळ ठणकतंय, त्याला त्या आवाजात बसवू नका. मागं बसू दे हवं तर." बघा बाई, तोच आवाज. पहिल्या नंबराच्या कानात गेला तर डोकं दुखतं. शेवटच्या नंबराच्या कानात नऊ वर्षं गेला, तर लक्ष नसतं.

बाळाजी मागं गेला. सुनंदा परत पुढं.

पद्मजाबाई दोन दिवस डोक्याला बाम लावून शिकवत होत्या. तिसऱ्या दिवशी मला बोलल्या, "चला सुदाम," आणि थेट तोलारामकडं. शेठनं खुर्ची दिली, लस्सी मागवली, आणि हात जोडले. "मैडम, मशीन बंद करूँ तो ढक्कन आप पीटोगे? एक से दो लंच है, तब सन्नाटा. और शुक्रवार को तो लाइट ही नहीं, पूरी छुट्टी. बाकी टाइम में माफ करना, साईं."

भिमाबाई कोपऱ्यात झाकणं निवडत होती. तिथूनच बोलली, "बाई, एक ते दोन तुमचीपण मधली सुट्टीच असते ना?"

रोज एक तास शांतता असते, आणि नेमका तोच तास पोरांना बाहेर हाकलून वर्गाला कुलूप! किल्ली माझ्याच कमरेला.

सोमवारपासून बाईंनी मधली सुट्टी दोनला केली. डबे प्रेसच्या आवाजात, खायला कान लागत नाहीत. गणित एक ते दोन, आणि अवघड धडा शुक्रवारी. एरवी काय, तर ठोका पडू द्यायचा, मग अर्धं वाक्य. परत ठोका, परत अर्धं. आणि राहिलेलं फळ्यावर. म्हसकर सर चिडायचे, "शाळेचं वेळापत्रक शिक्षण खातं ठरवतं का झाकणवाला?" बाई बोलायच्या, "सर, नऊ वर्षं तोच ठरवतोय. मी फक्त वाचलं."

वार्षिक परीक्षा झाली. सुनंदाला गणितात एकाहत्तर. नंबर नववा. बाळाजी गेला अकरावा. आता मला सांगा, ह्याचा अर्थ काय लावायचा? म्हसकर सरांनी एका मिनिटात लावला, कॉपी. भिमाबाईला ऑफिसात बोलावलं, निकाल अडकवून ठेवला. पोरीची परत परीक्षा घेणार, त्यांच्यासमोर, तोंडी. नाही आलं तर नापास.

भिमाबाई पदर खोचून उभी. "घ्या की सर. पण आजच घ्या. शेठ विचारतोय, उद्यापासून पाठवतेस का म्हणून."

ऑफिस रस्त्याच्या बाजूला, तिथं प्रेस ऐकूसुद्धा येत नाही. सुनंदा टेबलासमोर. मी दाराशी, पद्मजाबाई माझ्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सरांनी गणित वाचलं. एक टाकी दोन नळांनी भरते, एक तिसरा गळतो, ते नेहमीचं. वाचून झालं. पोरगी भिंतीकडं बघतेय. अर्धं मिनिट झालं. भिमाबाईनं डोळे मिटले.

सर हसले. "काय? आलं का लक्षात सगळं? कशाची वाट बघतेस?"

"ठोक्याची, सर."

"कसल्या ठोक्याची?"

"अर्धं वाक्य झालं की ठोका पडतो ना. मग पुढचं सांगायचं असतं. तुमचं अजून राहिलंय का?"

"झालं माझं! इथं ठोकाबिका नसतो!"

"अय्या," पोरगी बोलली, "मग इथं सोप्पंय की."

आणि सांगितलं उत्तर. तीन तास वीस मिनिटं. सरांनी कागदावर करून बघितलं, दोनदा, त्यांचंच पहिल्यांदा चुकलं. मग आणखी चार गणितं घातली. सगळी बरोबर. शेवटी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज विचारली. पोरीनं "एकशे ऐंशी" इतक्या जोरात सांगितलं की बाहेरचा भेळवाला आत बघायला लागला. निकालावर सही झाली. भिमाबाई जाताना एवढंच बोलली, "शेठला सांगते, दुसरी बघ."

तुम्हाला वाटेल झालं, सुधारली शाळा. बाई, शाळा आहे ती. जूनमध्ये सिमेंट आलं, भोक बुजलं, फळा परत जुन्या जागी, पोरं नंबरानं. पद्मजाबाईंची बदली बदलापूरला. त्या साहेबांचा अहवालपण आला, छापील, जाड. त्यात आमच्या सातवीचं कौतुक. मागच्या पोरांची प्रगती कशामुळं, तर 'घरच्या वातावरणातील सुधारणा'. सुनंदाच्या घरी तेवढ्यात काय सुधारलं म्हणाल, तर बापाची पाळी बदलली, रात्रीची झाली. मी तो अहवाल अजून ठेवलाय. त्या स्टुलाच्या पायाखाली आहे, नीट बघा. म्हणून तर पडत नाही कुणी.

सुनंदा आता बदलापूरलाच बालवाडी चालवते. मागच्या महिन्यात इथं शिवमंदिराजवळ, अंबरनाथला, माझ्या घरी येऊन गेली. मला मामा म्हणते. तिच्या वर्गात बाकच नाहीत म्हणे, आणि ती शिकवताना अजून मधेच थांबते. पोरं विचारतात, बाई, थांबलात का? म्हणते, सवय आहे.

तोलारामची प्रेस गेली, भिंत मात्र तीच आहे. आता पलीकडं जीन्स धुवायची मशीनं आहेत. घरघर, दिवसभर, न थांबता. ठोका बरा होता, निदान मधे श्वास घ्यायचा.

खळ निवली बघा. यादी मी लावतो, तुम्ही सांगाल तशी, तुमचा वर्ग आहे. फक्त एक करा बाई. उद्या पहिल्या तासाला दुसऱ्या कुणालातरी फळ्यापाशी उभं करा, आणि तुम्ही स्वतः त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसा. पूर्ण तास. मी बाक पुसून ठेवतो. काय काय ऐकू आलं ते मला येऊन सांगा, आणि मग द्या ही यादी चिकटवायला.