खैऱ्याचं गाणं अठ्ठ्याहत्तरावर

मित्रांनो, बाजरीच्या भाकरीएवढी, काळी, मधोमध भोक असलेली मी एक जुनी तबकडी. शहाणी माणसं मला रेकॉर्ड म्हणायची, घोडेगावात मात्र मी 'रेकाट' होते. माझ्या अंगात एकच गाणं भरलेलं होतं आणि ते गाणं लोकांनी वर्षानुवर्षं चुकीचं ऐकलं. त्याचंच हे रडगाणं आहे. मला आता कुणी वाजवत नाही, म्हणून बोलायला वेळच वेळ आहे. तुम्हाला कंटाळा आला तर खुशाल उठा, मी रागावणार नाही.

माझा कारखाना मुंबईचा, पण गाणं घोडेगावच्या भिमाजीचं. हा भिमाजी गुरांच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे होता. जनावरं उतरवायची, बांधायची, पाणी दाखवायचं, हे त्याचं काम. हात मोकळे झाले की तो ढोलकी घेऊन बसायचा. आवाज भरदार, जरासा घोगरा. बाजारात बैल विकला की धनी दावं देत नाही, ते सोडून परत घरी नेतो, ही तिकडची रीतच आहे. खांद्यावर रिकामं दावं टाकून घरी निघालेली माणसं भिमाजीनं आयुष्यभर पाहिली होती. त्यातूनच त्यानं खैऱ्या नावाच्या विकलेल्या बैलाचं गाणं जुळवलं, चालही त्याचीच: 'जा रं खैऱ्या, नव्या गोठ्याला, मागं वळून बघू नगं.' चाल अशी संथ, की बैल खरोखरच पाय ओढत चाललाय असं वाटावं.

खेड्यापाड्यांतले गाणारे शोधत एक कंपनीवाला नगरला आला होता. कुणीतरी भिमाजीला त्याच्यापुढे उभं केलं आणि काही दिवसांनी गडी मुंबईला जाऊन गाऊन आला. साहेब लोकांना गाणं फारच रडकं वाटलं. त्यांनी माझ्यासारख्या थोड्याच तबकड्या काढल्या आणि विषय मिटवला. पुढे त्या कंपनीवाल्यानं नगरला भिमाजीच्या हाती एक ठेवली, ती मी. त्यानं मला धोतराच्या घडीत गुंडाळून घरी आणलं. बायको चांगुणा, पाळण्यात लेक विजयमाला, आणि घरात मला वाजवायला यंत्रच नाही! स्वतःचं गाणं त्यानं मुंबईतही ऐकलं नव्हतं. गाऊन झालं तसा साहेबांनी त्याला निरोप दिला होता.

गावात यंत्र होतं ते सहादेवकडे. लग्नाकार्याला कर्णे भाड्यानं देणारा माणूस, मनानं सोन्यासारखा, पण यंत्राच्या बाबतीत आनंदी आनंद. त्याच्याकडच्या सगळ्या तबकड्या जुन्या, मोठ्या आणि जड. त्या अठ्ठ्याहत्तराच्या वेगानं, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या, अशा फिरत. यंत्रावर वेग बदलायची खुंटी होती, पण ती सारखी सरकते म्हणून सहादेवनं चिंधी गुंडाळून अठ्ठ्याहत्तरावर पक्की बांधून टाकली होती. मी होते पंचेचाळीसाची. माझ्या कपाळावर तसं छापलेलंही होतं. पण कपाळावरचं वाचतो कोण?

अगं बाई! भिमाजीनं मला सहादेवच्या हवाली केलं आणि एका लग्नात मी पहिल्यांदा फिरले तेव्हा मला घेरीच आली. ढोलकी चौखूर उधळली. भिमाजीचा भरदार आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा बारीक होऊन बाहेर पडला. त्यात मोठ्या तबकड्यांची ती जाडजूड सुई माझ्या नाजूक रेघांवरून नांगरासारखी फिरत होती. मी कळवळून ओरडत होते आणि मांडवातली माणसं नाचत होती. 'पुन्हा लाव, पुन्हा लाव' असा एकच गलका झाला.

तेव्हापासून माझ्यावाचून वरात हलेना. बैलाच्या ताटातुटीच्या गाण्यावर नवरदेवाचे मित्र घामाघूम होईतो नाचत. आदल्याच बाजारी ज्यानं बैल विकला तोही टोपी उडवत असे. मलाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? कौतुक कुणाला आवडत नाही?

भिमाजीनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो मांडवाच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा पडला. आपल्या आवाजाचं असं का झालं हे त्याला कळेना. मग यंत्राच्या तोंडून माणसाचा आवाज असाच निघत असावा, अशी त्यानं मनाची समजूत घातली. चांगुणानं विचारलं तेव्हा म्हणाला, नाचणाऱ्याला थांबवू नये. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी बैल पोचवायला जाताना ट्रक पलटला आणि भिमाजी गेला. विजयमाला तेव्हा नुकती बोबडं बोलायला लागली होती.

मग चांगुणा वरातींच्या मागे मागे येऊ लागली. मांडवात नाही, आडोशाला उभी राहायची, पोरीला कडेवर घेऊन. मी वाजायला लागले की पोरीला सांगायची, ऐक, तुझे आबा गात्यात. पोर टाळ्या पिटायची. पुढं मोठी झाली तशी नाचायलाही लागली. आपले आबा किती गोड, बारीक आवाजात गातात हे ती मैत्रिणींना सांगायची. आणि चांगुणा मात्र माझ्याकडे टक लावून काहीतरी शोधत राहायची. एकदा ती सहादेवला म्हणाली, "भाऊ, त्यांचा आवाज इसरत चाललाय मला. तोंड डोळ्यापुढं येतं, आवाज येत न्हाई."

मित्रांनो, तो आवाज माझ्या अंगात होता. तिच्यापासून हातभर अंतरावर होता. आणि मला तो देता येत नव्हता. तबकडीच्या जन्माला येऊन यापेक्षा मोठं दुःख कुठलं?

पुढं यंत्र बिघडलं म्हणून सहादेवनं नगरहून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रंगनाथला बोलावलं. दुरुस्ती झाल्यावर रंगनाथनं वाजवून बघायला मला उचललं, माझं कपाळ वाचलं आणि तो हसतच सुटला. त्यानं चिंधी सोडली, खुंटी पंचेचाळीसावर आणली, दोन टोकांची सुई उलटी करून बारीक टोक खाली घेतलं. माझ्यातून खरखरीआडून भिमाजी गायला लागला. सहादेव चपला न घालताच चांगुणाच्या घरी गेला.

चांगुणा ठेवणीतलं लुगडं नेसून आली, पोरीची वेणीफणी करून. सहादेवनं मला लावलं. 'जा रं खैऱ्या...' संथ, घोगरा, जड. एका ओळीनंतर भिमाजीनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. चांगुणानं यंत्राच्या लाकडी पेटीची कड घट्ट धरली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि अशी हसरी मी तिला कधी पाहिली नव्हती.

विजयमालेनं तिचा पदर ओढला. "आई, ह्यो कोन?"

"तुजे आबा."

"न्हाई. माजे आबा असं न्हाई गात." पोर घाबरली होती. "ह्यो नगं मला. माजे आबा लाव."

चांगुणानं तिला जवळ घेतलं, समजावलं, पण पोर काही ऐकेना. हुंदके देऊन रडायला लागली. बिचारीचा बापच कुणीतरी हिरावून घेतला होता, ती तरी काय करणार? गाणं अजून अर्धंही झालं नव्हतं. चांगुणानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सहादेवकडे.

"भाऊ, तिचे आबा लावा."

सहादेवनं खुंटी फिरवली. मी गरगरले. पोर डोळे पुसून नाचायला लागली आणि तिची आई तिच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली.

त्यानंतर चांगुणा एकटीच येई, पोरीला शेजारी ठेवून, बाजार नसेल त्या दिवशी दुपारी. सहादेव न विचारता मला पंचेचाळीसावर लावी. पण जाड सुईनं माझ्या रेघा आधीच उकरल्या होत्या, आणि प्रत्येक वाजवणीनं मी आणखी झिजत होते. ती ऐकत होती म्हणून भिमाजी संपत होता. थांब बाई, पुरवून पुरवून ऐक, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला माझं स्वतःचं बोलणं कुठं होतं?

शेवटी एका दुपारी माझ्यातून नुसती खरखर आली. ढोलकी नाही, आवाज नाही, काही नाही. सहादेवनं मान खाली घातली. चांगुणा मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत बसून राहिली. मग पदर सावरून उठली.

"आज लई साफ आला आवाज," ती म्हणाली.

तिला खरंच ऐकू आला की ती माझी लाज राखत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मला जपा, पुसून ठेवा, असं सांगायची वेळ आता टळून गेली आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरात जे कुणी बोलतं, गातं, तुमच्यावर ओरडतं, त्याला जरा जवळ बसवा आणि लेकराबाळांना त्याचा आवाज त्याच्याच तोंडून ऐकू द्या. एकदा माणूस गेलं, की त्याच्या पोरांनी आमच्यासारख्यांच्या तोंडून जे ऐकलं, तेच त्यांना खरं वाटतं.