बारा नंबरची खिडकी

मित्रांनो, मी एक जुना घडीचा नकाशा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदराच्या शहराचा. माझ्या अंगावर त्या शहराचे रस्ते आहेत, बाजार आहे, बोटींचा धक्का आहे, अगदी टोकाला दीपगृह आहे. पण माझा जन्म तिथला नव्हे. हजारो मैल दूर एका छापखान्यात मी छापला गेलो, सोळा घड्या पडून पुस्तकांच्या दुकानात आलो आणि तीन वर्षे तिथेच पडून राहिलो. आपल्या गल्ल्या आपणच कधी पाहिल्या नाहीत, ही रुखरुख मला अगदी लहानपणापासूनची.

मला विकत घेतले ते टेलिफोन एक्सचेंजमधल्या एका ऑपरेटरबाईंनी. घरी कुणी दार वाजवले तरी त्या आतून "हॅलो" म्हणत, म्हणून सगळे त्यांना हॅलोताई म्हणत.

त्या काळी परदेशी फोन आपला आपण लावता येत नसे. इकडची ऑपरेटर तिकडच्या ऑपरेटरला हाक मारी आणि दोघी मिळून लाइन जोडत. दर मंगळवारी दुपारी कोकोच्या एका व्यापाऱ्याचा कॉल माझ्या शहराला असे. तिकडून एक बाई बोले. नाव सांगायला दोघींनाही मनाई होती. ती बारा नंबर, ताई सात नंबर. पलीकडचा माणूस फोनवर येईपर्यंत दोन-चार मिनिटे मिळत. तेवढ्यात मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींच्या गप्पा रंगत.

"माझ्या खिडकीतून दीपगृह दिसतं," बारा नंबर सांगे. "खाली एक बाई एकावर एक सहा टोपल्या डोक्यावर घेऊन चाललीय. हात सोडून!"

ताईंच्या खोलीला खिडकीच नव्हती. समोर नुसता वायरींचा बोर्ड. त्या डोळे मिटून ऐकत. ताईंना मुलगी झाली, तेव्हा बाळंतपणाची रजा संपवून त्या परतल्या त्या मंगळवारी बारा नंबरने आपल्या खोलीतल्या सगळ्या ऑपरेटरना अभिनंदन करायला एकेक करून फोनवर आणले होते. व्यापारी बिचारा ताटकळला.

ती खिडकी नेमकी कुठे, हे पाहायला ताईंनी मला घेतले. भिंग लावून त्यांनी पोस्टाच्या चौकातली एक्सचेंजची इमारत शोधली आणि तिच्यावर पेन्सिलीने बारीक टिंब काढले.

मग यंत्रे आली. फोन थेट लागू लागले. एका मंगळवारी कॉल आलाच नाही, आणि त्यानंतरही नाही. निरोप घ्यायचा राहूनच गेला. ताईंची बदली चौकशी विभागात झाली आणि मी शिवणाच्या खणात गेलो. तिथे मी तीस वर्षे काढली. कसरीने माझा थोडा समुद्र खाल्ला.

ताईंची मुलगी आता लोकांना मोटार चालवायला शिकवते. एक दिवस ती म्हणाली, "आई, जन्मभर लोकांचे फोन परदेशात पोचवलेस. तुला कुठे जायचंय? सांग, मी नेते."

ताईंनी उठून खण उघडला.

पुढचे दोन महिने जेवणाचे टेबल माझे होते. मुलीने चार दिवसांचा बेत आखला. पहिला दिवस बाजार, दुसरा संग्रहालय, तिसरा होडीतून बेट, चौथा दीपगृह.

"आणि एक्सचेंज?" ताईंनी विचारले.

"आई, टेलिफोन एक्सचेंज बघायला कोण जातं?"

"मी जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने बेताची वही उघडली, तर चारही दिवसांपुढे आईच्या अक्षरात 'एक्सचेंज' लिहिलेले. ती हसत सुटली.

तिकिटे निघाली. उरली होती फक्त पीतज्वराची लस. डॉक्टरांनी कागद पाहिले, ताईंच्या मागच्या आजारपणाची फाइल पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"ताई, या वयात, या प्रकृतीला ही लस मी देणार नाही. जिवाशी खेळ होईल. आणि लस घेतल्याशिवाय तिकडे प्रवेश नाही."

घरी येऊन ताईंनी माझी घडी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती चुकली. मुलगी दोन्ही तिकिटे रद्द करायला बसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं राहू दे. तू जा. आणि ह्याला ने."

"फोनमध्ये नकाशा असतो गं आई."

"असेल. टिंब नसेल."

असा मी माझ्या शहरात पोचलो, मित्रांनो. समुद्राचा वारा आला आणि मी तिच्या हातात फडफडलो. अर्ध्या रस्त्यांची नावे बदललेली होती, वळणे मात्र तीच होती. एक्सचेंजच्या इमारतीत आता शिवणकामाचे वर्ग भरतात. पहारेकऱ्याला बारा नंबर कोण, ते ठाऊक नव्हते. पण पूर्वी ऑपरेटर बसत त्या दुसऱ्या मजल्यावर त्याने आम्हाला जाऊ दिले. खिडकीशी उभे राहून मुलीने आईला फोन लावला.

"कॅमेरा लावून दाखवू?"

"नको. तू बोल. दीपगृह दिसतंय?"

मुलीने खिडकीतून वाकून पाहिले. "नाही गं आई. मधे उंच इमारत झालीय."

ताई म्हणाल्या, "बरं. मग काय दिसतं ते सांग."

मुलीने मला काठावर ठेवले आणि सांगायला लागली. एक म्हातारा हातगाडीवरून एकटाच सोफा नेतोय. गच्चीवर चादरी वाळताहेत, त्यातली एक आत्ताच उडाली. दोन मुली एकाच छत्रीत भांडताहेत. ताई मधूनमधून "हं" म्हणत होत्या. तासभर दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

आता मी पुन्हा खणात आहे. मित्रांनो, आम्हा नकाशांना आमच्याच घडीवर मिटा, उलटे दुमडू नका, आम्ही फाटतो. चिकटपट्ट्याही लावू नका. आणि तुमच्या घरात कुणाचे एखादे शहर पाहायचे राहिले असेल, तर त्यांना विचारायला उशीर करू नका.

मी जाऊन आलो. ताई राहिल्या.