बासची हद्द

आमचे तिन्ही वादक दुसऱ्या नाटक कंपनीने पळवले, तेही पहिला प्रयोग तोंडावर आलेला असताना. मी त्यांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. निर्माते मात्र शांत होते. खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाले, "रेकॉर्ड केलेलं संगीत लावू. बटण दाबलं की झालं." म्हणजे कीबोर्ड वाजवणाऱ्या मलाही नारळ.

नाटकातली नायिका माझी नणंद. ताई गाताना मनाला येईल तिथे थांबतात. "रेकॉर्डिंग काय माझ्यासाठी थांबणार आहे?" त्या म्हणाल्या. निर्मात्यांनी खांदे उडवले आणि माझं डोकं सटकलं.

"तिघांचं मी एकटी वाजवते," मी बोलून बसले.

"वाजव. पण आज एक सूर जरी चुकला, तर उद्यापासून हा पेन ड्राइव्ह."

मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली ते तो लॅपटॉपला कळवतो, आवाज लॅपटॉप काढतो. त्यामुळे पट्ट्यांची वाटणी करता येते. डावीकडे गजाने वाजवायचा, खर्जात घुमणारा बास, मध्ये व्हायोलिनं, उजवीकडे बासरी. दोन हद्दींवर मी लाल कागदाचे तुकडे चिकटवले. भावाभावांनी शेत वाटून घ्यावं तशी वाटणी, फक्त भांडायला मी एकटीच. संध्याकाळपर्यंत हात बसला.

पडदा उघडायच्या आधी ताई विंगेत आल्या. घसा धरलेला. "वहिनी, शेवटचं गाणं खालच्या सुरात घे गं. वर आवाजच लागत नाहीये."

आता आली का पंचाईत. बोटं डावीकडे सरकवली की बासरीची सुरावट व्हायोलिनांत घुसणार. मी लॅपटॉपवर बासरीची हद्द खाली ओढली, कागदही हलवला आणि स्वतःवर खूश झाले. त्या गाण्यात बास नव्हताच, म्हणून त्याची हद्द माझ्या डोक्यातच आली नाही.

नाटक झकास चाललं. हसवायच्या जागी लोक हसले. मग शेवटचा प्रवेश. नवरा परत येणार नाही हे कळलेली बाई, रिकामी खुर्ची, मंद दिवा. बासरी संपली. व्हायोलिनांचा सर्वांत खालचा सूर म्हणून मी डावं बोट ठेवलं आणि अख्ख्या थिएटरभर बास घुमला. गाणं खाली आणलं तशी मी डावीकडच्या लाल कागदाच्या पलीकडे गेले होते.

निर्माते पहिल्या रांगेत, मान माझ्याकडे वळलेली. बोट उचललं असतं तर चूक शेवटच्या रांगेलाही कळली असती. चुकलं ते चुकलं, म्हटलं, आता चोरासारखं पळायचं नाही. बोट तसंच दाबून धरलं.

ताईंनी मान वर केली. हळूच दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी आल्यासारखं. दाराशी गेल्या. तिथे कुणीच नव्हतं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, किती वेळ ते देव जाणे, आणि मी तो सूर सोडला नाही. मग त्याच सुरावर, बसलेल्या आवाजात त्या गायल्या. पुढच्या रांगेतली एक बाई चक्क हुंदके देत होती. माझेही डोळे भरले, पण हात हलला नाही.

पडदा पडला तरी लोक उठेनात. टाळ्या थांबतील म्हणून आम्ही वाट पाहिली आणि मग पडदा पुन्हा उघडावा लागला. ताईंनी मला ओढून रंगमंचाच्या मधोमध नेलं. अशी ऐट मी आयुष्यात अनुभवली नव्हती.

निर्माते विंगेत आले. "तो खालचा आवाज ठरवून होता?"

"नाही. चुकले मी. बासची हद्द हलवायची राहिली."

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला.

"यावर तुझ्या सगळ्या हद्दी जपून ठेव. उद्याही अशाच हव्यात, त्या चुकीसकट."

मी तो लॅपटॉपला लावून पाहिला. "जागा नाही. आतलं संगीत पुसावं लागेल."

"मग पूस की."

मी तिथेच, त्यांच्या देखत, पुसलं.