गुरुवारचा डबा

पेणला एसटी स्टँडच्या मागे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर गुरुवारी दहा-बारा मुलं व्यायामाला आणि बोलण्याच्या शिकवणीला येत. कुणाची मान ठरत नव्हती, कुणाचे पाय, तर कुणाचं लक्ष. मुलं आत, शिकवणाऱ्या प्रणिताताईंकडे, आणि आईबाप बाहेर सतरंजीवर, असा दोन तासांचा शिरस्ता. त्या सतरंजीवर एक रीत होती, डब्याची.

ती पाडली नाथाकाकांनी. काका खाडीकडचे, सगळा जन्म मिठागरात गेलेला. नातवाला, प्रणितला, घेऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी प्रणितने आपलं आपण नाक शिंकरलं, तर काकांनी किलोभर जिलबी आणून वाटली. नाक शिंकरल्याची जिलबी! लोक हसले, पण खाताना दोघी-तिघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून ज्याच्या मुलाने काही नवं केलं त्याने डबा आणायचा, काय झालं ते एका वाक्यात सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि खायचं. अट एकच, मुलाने ते तीनदा केलेलं पाहिजे. "येकदा काय, चुकून पन होतं," काका म्हणायचे. "तीनदा केलंन म्हंजे पोराचं झालं." मनालीने चपलेचा पट्टा लावला, तिच्या आईने घावने आणले. कुकरच्या शिट्टीला केरू किंचाळला नाही, त्याच्या बापाने वडे वाटले.

वैशालीने चौदा महिने नुसतं खाल्लं.

ती रोह्याजवळच्या वरशाहून यायची, सात वर्षांच्या किमयाला कडेवर घेऊन, सकाळच्या रेल्वेगाडीने. किमया धरून दोन-चार पावलं टाकायची, बोलत नव्हती. चौदा महिन्यांत ती ना मागे गेली ना पुढे. वैशाली दर गुरुवारी दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवायची, आणि मनापासून वाजवायची, असं ती स्वतःला सांगायची. गेल्या गुरुवारी मात्र मनालीची आई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पुढला गुरुवार तुझाच बघ गो." बाई भली होती, पण वैशालीच्या अंगाचा तिळपापड झाला. समजूत काढून घ्यायची वेळ आली का आपल्यावर?

बुधवारी दुपारी तिने रव्याचे लाडू वळायला घेतले. सांगायचं काय ते ठरलं नव्हतं. हाक मारली की बघते, असं काहीतरी सांगू, अगदीच खोटं नाही ते, एवढाच हिशेब. तेवढ्यात हर्षद, तिचा नवरा, कंपनीतली पहिली शिफ्ट आटोपून आला.

"लाडू कसले?"

"उद्याचे. किमया आई म्हणाली."

तोंडातून कसं गेलं ते तिला आजतागायत कळलेलं नाही. गेलं खरं. हर्षद बूट काढता काढता तसाच वाकून राहिला. मग एका पायात बूट तसाच ठेवून आत धावला, पोरीला उचललं, आपल्या आईला हाका मारल्या. विमलबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि पदर खोचून शेजारी सांगायला निघाल्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात बातमी झाली. हर्षदने सुपरवायझरला फोन करून रजा टाकली. पेणला मीही येणार म्हणाला.

खरं सांगायला अख्खी संध्याकाळ होती. सकाळी गाडीतला पाऊण तास होता. पण हर्षद खिडकीशी पोरीला मांडीवर घेऊन "बाबा म्हण, बा-बा," करत बसला होता, आणि तो इतका खुशीत तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या खुशीवर कुठल्या तोंडाने पाणी ओतायचं? नागोठणं गेलं, कासू गेलं, पेण आलं. वैशालीच्या मांडीवर लाडवांचा डबा धोंड्यासारखा जड झाला होता.

सतरंजीवर तिने झाकण उघडलं. आज मुलंही बाहेरच होती, प्रणिताताईही येऊन उभ्या राहिल्या.

"किमया आई म्हणाली," वैशाली डब्याकडे बघत म्हणाली.

टाळ्यांनी खोली दणाणली. मनालीच्या आईने तिला मिठीच मारली.

"तीनदा?" नाथाकाकांनी विचारलं. संशय नव्हता त्यात. ते सगळ्यांनाच विचारत.

"तीनदा."

प्रणिताताई किमयापुढे बसल्या. "किमया, कोण आहे ही? हं?" किमया पंख्याकडे बघत राहिली. हर्षद गुडघ्यांवर आला. "बोल ना बाय. काल बोललीस तशी." पोरीला आपण भर सभेत परीक्षेला बसवलंय, आणि तीही न शिकवलेल्या धड्याची, हे वैशालीला त्या क्षणी कळलं आणि स्वतःची किळस आली.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "चार मानसांत बोलत नाय पोरं. पयला लाडू तिला द्या."

हर्षदने लाडवाचा छोटा तुकडा मोडून तिच्या ओठांशी नेला. किमयाने तोंड मिटलं. त्याने पुन्हा नेला. तिने मान फिरवली, आणि तिसऱ्यांदा नेला तेव्हा उलट्या हाताने त्याचं मनगट लोटलं. तुकडा सतरंजीवर पडला.

"आज काय झालंय हिला," हर्षद ओशाळून म्हणाला. "असं करत नाय कधी. एवढी गुणी पोर."

"कधी नाही म्हणजे?" प्रणिताताईंनी विचारलं.

"कधीच नाही," वैशाली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "चमचा आला की तोंड उघडते. कडू औषध असो की काय असो. चार वर्षांची होती तेव्हा चुकून कढत दूध दिलं मी. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंड फिरवलं नाही. पीत राहिली. जीभ लाल झालेली बघितली तेव्हा कळलं मला."

ताईंनी पिशवीतून केळं काढलं, एक चकती पुढे केली. किमयाने तोंड उघडलं. मग लाडू पुढे केला. हात आला, या वेळी जोरात. पुन्हा केळं, खाल्लं. पुन्हा लाडू; लोटला.

"पोरीला नको हाय," नाथाकाका हळूच म्हणाले. "तिला लाडू नकोच हाय. आनि ती सांगते हाय."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. त्या टाळ्यांत वैशाली उभी राहिली. "थांबा. ती आई म्हणाली नाही. मी खोटं बोलले. तुमच्याशी, यांच्याशी, घरी सगळ्यांशी." आणि ती किमयाशेजारी खाली बसली.

काकांनी डबा आपल्याकडे ओढला. एक लाडू घेतला, दुसरा प्रणितच्या हातात दिला. "लाडू तं खरेच हायत ना," म्हणाले आणि खायला लागले. एकेकाचा हात डब्याकडे गेला. हर्षदने मात्र घेतला नाही.

जिन्यावरून उतरताना तो म्हणाला, "त्यांच्याशी खोटं बोललीस ते ठीक. मला तरी सांगायचंस खरं."

"हो. चुकलं माझं."

"मी कंपनीत सगळ्यांना सांगितलं गो."

तिने किमयाला त्याच्या कडेवर दिलं. स्टेशनवर बाकड्यावर तो बराच वेळ किमयाचा हात हातात धरून बसला. लोटणारा तोच हात. तो उलटासुलटा करून बघत होता, नवीनच वस्तू मिळाल्यासारखा. मग त्याने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

"वैशालीला दे," पलीकडून विमलबाई म्हणाल्या.

वैशालीने फोन घेतला. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"गो, मी तिला रोज सकाळी नाचण्याची पेज भरवते," विमलबाई सांगू लागल्या. "सहा वर्षं झाली. वाटी चाटूनपुसून संपवते, म्हनून मी लोकांना सांगते, माझ्या हातची पेज लय आवडते हिला. तिला आवडत नसंल तर गो?"

वैशालीचे डोळे भरून आले. दिवसभरात पहिल्यांदाच ती रडली, आणि तिने ते लपवलं नाही.

"उद्या विचारू तिला. घाई नाही करायची, थांबायचं."

"आनि तोंड फिरवलंन तर?"

"तर नाही द्यायची, आई."