समोरच्या दुकानाचं कुलूप रोज उघडतं

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बरं? दाराला लटकणाऱ्या कुलपावर, की ज्याच्या खिशात किल्ली आहे त्या माणसावर? घाई करू नका. मी स्वतः कुलूप असूनही मला याचं उत्तर पटकन देता येत नाही.

होय, मी एक कुलूप बोलतोय. पितळेचा, सात लिव्हरांचा, तळहातावर घेतलात तर हात खाली जाईल इतक्या वजनाचा. मी ज्या साच्यातून निघालो त्याच साच्यातून माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊ निघाला. एकाच खोक्यात, एकाच कागदात गुंडाळून आम्ही तळ्याकाठच्या गावी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो.

दुकानदार बोलण्यात पक्का. एकदा एका गिऱ्हाइकानं मला ओढून-ताणून पाहिलं आणि विचारलं, "गॅरंटी काय?"

"कुलपाची देतो की," दुकानदार म्हणाला. "किल्ली बायकोकडे ठेवणार की मेव्हण्याकडे, त्याची नाही देत."

गिऱ्हाईक हसलं आणि खिळे घेऊन गेलं. मी खोक्यातच राहिलो. पण बोलायचं कसं, ते मी तिथं शिकलो.

पुढे दुकानदाराचे वडील गेले आणि दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्याला, म्हणजे या दुकानदाराला, दुकान मिळालं. धाकटा शहरात शाळामास्तर होता, त्याला दुकानासमोरचं तळ्याकाठचं घर. वाटणी गोडीगुलाबीत झाली असं सगळे म्हणाले. पण अशा वाटणीचा कडूपणा काकडीसारखा देठाशी असतो, खाता खाता शेवटी लागतो.

थोरल्यानं खोकं उघडलं. माझा भाऊ दुकानाच्या शटरला लागला, मी समोरच्या घराला. "हा घे, माझ्याकडून," असं म्हणून त्यानं मला धाकट्याला फुकट दिलं आणि पुढे कैक वर्षं ते बोलून दाखवलं.

तेव्हापासून मी जळतोय.

अहो, जळू नको तर काय करू? माझा भाऊ रोज सकाळी उघडायचा. त्याच्यावर उबदार हात फिरायचा, महिन्याकाठी तेलाचा थेंब पडायचा. दिवसभर तो कोयंड्याला मोकळा लटकून गावाच्या गप्पा ऐकायचा. आणि मी? मास्तरांना सुट्टी लागली की ते कुटुंब दोन महिने यायचं. मग जाताना मास्तरांची बायको माझ्यावर प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँड लावायची, मी गंजू नये म्हणून. हेतू चांगलाच. पण तुमच्या डोक्यावर पिशवी बांधून कुणी तुम्हाला दहा महिने दारात उभं केलं, तर तुम्ही हेतू बघाल का?

पिशवी पारदर्शक होती एवढं नशीब. रस्त्यापलीकडे भावाचे लाड चाललेले मला स्पष्ट दिसायचे.

जळणारा मी एकटा नव्हतो. गल्ल्यावर बसलेला थोरला आमच्या घराकडे बघून धुसफुसायचा. "धुकं आम्ही खायचं, चिखल आम्ही तुडवायचा. आणि तळं आरशासारखं झालं की हे येणार पाय सोडून बसायला!" त्याचंही खरंच होतं. लोक सुट्टीला येत तेव्हाच दुकानात दोऱ्यांना, रंगांना गिऱ्हाईक असायचं. दुकान हाती आल्यापासून हा माणूस होडीत बसलेला नव्हता. तिकडे धाकटा घराच्या पायरीवर बसून बायकोला म्हणायचा, "दादाचं बरंय. रोज ताजा गल्ला. आम्ही खडूच्या धुळीत." दोघंही एकमेकांच्या ताटात बघून जेवत होते.

अशात नगरपालिकेनं ठराव आणला. वर्षातला बराच काळ बंद राहणाऱ्या घरांना दुप्पट घरपट्टी.

दुकानात त्या दिवशी गर्दी जमली. होडीवाला म्हणाला, "बरोबरच आहे. माझ्या गल्लीत चूल फक्त तीन घरांत पेटते. बाकी कोळिष्टकांचं राज्य."

दवाखान्यातल्या नर्सबाई पडद्याच्या कड्या घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या गावात घरांची ही रांग, आणि मला एक खोली मिळेना. रोज बसनं येते मी. बस चुकली की रोगी दवाखान्याच्या पायरीवर बसलेले."

"ऐकलंत?" थोरल्यानं काउंटरवर हात आपटला. "दुप्पट काय, तिप्पट लावा!"

त्याची बायको खिळे तोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यात आपल्या भाऊजींचंही घर आलं हो."

"नियम सगळ्यांना सारखा."

"नियम असेल सारखा. तुमचा आवाज मात्र आज जरा जास्तच खूश वाटतोय."

संध्याकाळच्या सभेत ठरावाला पाठिंबा म्हणून पहिली सही थोरल्यानंच ठोकली आणि ठराव मंजूर झाला.

दोन दिवसांनी धाकट्याचा फोन आला. हातात माल होता म्हणून थोरल्यानं तो स्पीकरवर टाकला, त्यामुळे मलाही ऐकू आला. "दादा, दुप्पट पट्टी माझ्या पगारात बसत नाही. घर विकावं लागेल. आणि मला सांग, दहा महिने मी तिथलं पाणी वापरत नाही, कचरा टाकत नाही, माझी मुलं तिथल्या शाळेत नाहीत, मला तिथं मतसुद्धा नाही. जो कमी वापरतो त्यानं जास्त द्यायचं, हा कुठला न्याय?"

"आणि रस्ता? तळ्याची भिंत? आगीचा बंब? तू येशील तेवढ्यापुरते ते भाड्यानं आणायचे का?"

"मग सारखी घे ना! दुप्पट कशाला?"

थोरल्यानं फोन ठेवून दिला. मोठ्या भावांना ही एक सोय असते.

त्याची बायको मात्र गप्प बसणारी नव्हती. दीर लहानपणापासून तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. सासऱ्यांचं घर परक्याला जाणार, हे तिच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी, धाकट्यानं अडीअडचणीला म्हणून दुकानातल्या खुंटीवर ठेवलेली किल्ली घेऊन ती रस्ता ओलांडून आली आणि तिनं माझी पिशवी काढली.

मी आधी अडलो. दहा महिन्यांचा रुसवा एका झटक्यात जातो होय? तिनं बोटानं तेल लावलं, "उघड रे बाबा" म्हणाली, आणि मी उघडलो. त्यानंतर ती रोज आली. खिडक्या उघडायची, अंगण झाडायची. घर नांदतंय असं दिसावं म्हणून तारेवर कपडे वाळत घालायची. मी कोयंड्याला मोकळा लटकत राहायचो आणि भावाकडे बघायचो. बघ म्हटलं, आमचेही दिवस आले.

माणसं खोटं बोलायला लागली की एखादी साधी गोष्ट विसरतात. ही बाई पुरुषाचे कपडे म्हणून नवऱ्याचे शर्ट वाळत घालत होती.

घरपट्टीचे साहेब आले ते भर दुपारी. दार उघडं, बाई झाडतेय, तारेवर शर्ट.

"कोण राहतं इथं?"

"आमचे भाऊजी."

"दिसत नाहीत ते?"

"बाहेर गेलेत." शहर बाहेरच असतं म्हणा.

साहेबांनी तारेकडे नीट पाहिलं आणि रस्ता ओलांडला. झाडू हातात तसाच घेऊन बाई त्यांच्या मागोमाग गेली.

"शेठ," साहेब म्हणाले, "ठरावावर पहिली सही तुमची. तुम्ही सांगाल ते लिहितो. समोर वस्ती आहे का? आणि हेही सांगा, त्या तारेवरचा शर्ट आणि तुमच्या अंगावरचा, एकाच ताग्यातले कसे?"

थोरल्यानं आधी स्वतःच्या पोटावरच्या निळ्या रेघा पाहिल्या, मग तारेवरच्या. मग बायकोकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "हो" म्हटलं की घर वाचत होतं. "नाही" म्हटलं की घर जाणार, आणि बायको खोटारडी ठरणार. मी श्वास रोखला. कुलपाला श्वास नसतो, तरीही रोखला.

"नाही राहत कुणी, साहेब," थोरला म्हणाला. "बायको खोटं बोलली, ते माझ्या भावाच्या मायेपोटी. आणि मी सही केली होती ती खऱ्या गोष्टीवर, पण भावावरच्या जळफळाटानं. दोन्ही लिहून घ्या."

साहेबांनी पेन उघडलंच नाही.

"एक विचारतो," थोरला पुढे म्हणाला. "ही दुप्पट पट्टी नुसती पैशासाठी, की घरं उघडावीत म्हणून?"

"उघडावीत म्हणून. गावात राहायला जागा नाही कुणाला."

"मग असं बघा. मी दोरी विकतो ती मापानं. पण शटर वर्षभर वर ठेवायचा खर्च सगळ्या गिऱ्हाइकांवर सारखा पडतो. जो वर्षातून एकदा येतो त्याला मी दुप्पट भाव लावला तर तो पुन्हा येणार नाही, आणि फुकट दिलं तर माझं दुकान बसेल. रस्ता, भिंत, बंब हे सगळ्यांवर सारखं. पाणी, कचरा मापानं. आणि घर उघडेल त्याला दुप्पट लावू नका."

"हे सभेत बोलायचं होतं, शेठ."

"सभेत मी जळत होतो ना."

साहेब हसले. पुढच्या सभेत मांडायचं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं आणि समोरच्या घरात वस्ती व्हायला पंधरवड्याची मुदत दिली. थोरल्यानं तिथंच धाकट्याला फोन लावला आणि घर नर्सबाईंना भाड्यानं दे म्हणून सांगितलं.

"वडिलांच्या घरात परकं माणूस ठेवू, दादा?" धाकटा म्हणाला.

"परकं कसलं? उद्या सुट्टीत तुला ताप भरला तर सुई त्याच बाई टोचणार आहेत. दहा महिने घर त्यांचं. तू येशील तेव्हा त्या मागच्या खोलीत. विचार त्यांना, मी बोलावतो."

नर्सबाईंनी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले आणि होकार दिला. साहेबांनी "वस्ती आहे" असं लिहिलं, आणि या वेळी ते खरं होतं.

घर वाचलं. मला वाटलं होतं, आता रोज सकाळी मी उघडणार. पण नर्सबाईंनी दाराला आतून-बाहेरून उघडणारं लॅच बसवून घेतलं आणि मला काढलं. "हे जड धूड कशाला?" म्हणाल्या. राहत्या घराला माझ्यासारख्याची गरज नसते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी परत दुकानात आलो, जुन्या मालाच्या फळीवर. थोरला अजून धुसफुसतो. "पट्टी वाचली, आता भाडंही त्याच्याच खिशात!" एकदा बायको म्हणाली, "मग जा की तिकडे. मी बसते गल्ल्यावर." ऐन सुट्टीच्या गर्दीत तो खरंच गेला. दोघं भाऊ पाण्यात पाय सोडून बसलेले होडीवाल्यानं पाहिले. भांडत होते म्हणे, पण परत लवकर कुणी आलं नाही.

फळीवरून मला भाऊ जवळून दिसतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याची कडी झिजलीय. किल्ली आत खुळखुळते. थोरला त्याला रोज दोनदा आपटतो, शिवी देतो, मग तो उघडतो. परवा शटर वर जाताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी मजा होती रे. एकदा लावलं की दहा महिने कुणी हात लावत नव्हतं. मी रोज तुझ्याकडे बघून जळायचो."

त्याच्या तेलाचा थेंब न् थेंब मी मोजला होता. त्याची झीज एकदाही मोजली नव्हती.

एवढंच सांगायचं होतं. तुम्हीही कुणाचा तरी हेवा करत असाल. करा, त्यावर अजून कुणी पट्टी बसवलेली नाही. फक्त वही अर्धी लिहू नका. दुसऱ्याच्या नावावर जे जमा दिसतं ते लिहाल, तेव्हा त्याच पानावर त्याच्या नावे खर्च काय पडला तेही लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा.