एकाच ताग्याचे सदरे

हैदराबादेत कारकुनी करणारे उकंडराव १९४१च्या दिवाळीला गोरेगावी घरी आले, तेव्हा धाकट्या भावाने, सोनाजीने, वेगळी चूल मांडली होती.

"लहानपणी सगळ्या भावंडांना एकाच ताग्याचे सदरे असत," ते हळहळले. "भेदभाव ठाऊक नव्हता. उद्यापासून चूल पुन्हा एक करा."

सोनाजीची बायको गोजरबाई आत गेली आणि जपून ठेवलेला नवऱ्याचा लहानपणीचा सदरा घेऊन आली. त्याच्या बाह्या जुन्या लुगड्याच्या होत्या.

"दादा, तागा तुमच्यापासून कापत व्हते," सोनाजी म्हणाला. "माझ्यापर्यंत येऊस्तोवर सरून जायचा."

उकंडरावांनी बाह्यांकडे पाहिलेच नाही. पाठीचे कापड बोटांनी चोळून ते कौतुकाने म्हणाले, "बघ, अजून विरलं नाही. एकोप्याचं कापड."

गोजरबाईने आपल्याच चुलीवर त्यांच्यासाठी चहा ठेवला.