माशांचा उपास

चांद्याच्या नगरपालिकेने डासांच्या अळ्या खाणारे मासे विहिरींत सोडले होते, आणि त्यांची देखरेख इस्तारी ढिवराकडे होती. तपासणीला आलेल्या पालिकेच्या साहेबांनी चंदाबाईच्या विहिरीत पितळी डाव बुडवला, तर अळ्याच अळ्या!

"चतुर्थीला पुन्हा पाहीन. एक जरी दिसली तर नोकरी गेली," साहेब गरजले.

इस्तारीने विचारलं, "बाई, माशाईले काही खायाले देता का?"

"रोज भात टाकतो भाऊ. पाहुणे उपाशी ठेवू का?"

"चतुर्थीवरी उपास धरू द्या त्याईले!"

बाईने मन घट्ट केलं. चतुर्थीला डावात एकही अळी नव्हती, उलट माशांनी डावाची कल्हईही चाटून नेली. साहेबांनी इस्तारीची नोकरी पक्की केली.

चंद्र उगवताच चंदाबाईने माशांचा उपास सोडवला. भातानेच!